पास्कलभाऊंचा उघडा पडदा

मंडळी, पास्कलभाऊ गेले, आणि मला बोलायला उभं केलंय. खोलीत तुम्ही मोजके, तोंडाला मास्क बांधून. बाकीचे त्या स्क्रीनवर, चौकोनाचौकोनांत. ब्रायन, बाळा, तू पर्थला अडकलास. राज्यांच्या बॉर्डर बंद. बापाचं तोंड बघता आलं नाही तुला. तुझ्यासमोर मी काय बोलू? मी चौथी शिकलेली, शेजारची म्हातारी.

पहिल्यांदा या घरात आले, तर भर दुपारी काळोख! मी म्हटलं, "अगं रोजी, लाईटबिल भरलं नाही का?" ती म्हणाली, "पडदे उघडायचे नाहीत, ताई. ह्यांच्या नकाशांचा रंग उडतो."

हेच ते नकाशे, भिंतभर. युरोपातले मुलुख. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, मग कुणीतरी बसून ब्रशने एकेक रंगवलेला. पास्कलभाऊ टॉर्च मारून दाखवायचे. "बघा ताई, इथं गुलाबी रंग रेघेबाहेर गेलाय. हात हलला बिचाऱ्याचा." मी म्हटलं, "माझ्या रांगोळीत असं झालं की सासू ओरडायची, आणि तुम्ही काचेत लावता?" काय हसले! मी विचारलं, "गेलात का कधी तिकडे?" तर म्हणे, "कुठचं! वसई ते हे आपलं वेंटवर्थव्हिल, संपला प्रवास."

मग भाऊ आजारी पडले, आणि वर लॉकडाऊन. कुणी आत यायचं नाही. त्यातच माझ्या लेकीला मुलगा झाला. नातू हो! नुसता लोण्याचा गोळा! मला कुठलं राहवतंय? दुपट्यात गुंडाळला, या खिडकीसमोर लॉनवर येऊन उभी राहिले आणि भाऊंना फोन लावला.

पडदा सरकला. अख्खा. ऊन थेट त्या गुलाबी नकाशावर. मी ओरडले, "अहो भाऊ, रंग उडेल!"

"उडू दे. तुम्ही आधी पोराला नीट धरा, तोंड दिसत नाहीय."

तेव्हापासून पडदा उघडाच. तुम्ही सगळे आलात ना लॉनवर? कुणी खुर्ची टाकून बसलं, कुणी हात हलवून शिफ्टला गेलं. भाऊ सगळ्यांना बघायचे. पण मंडळी, नजर रस्त्यावर असायची. एकदा मी म्हटलं, "आता तरी ओढा पडदा. तुमचा जन्माचा ठेवा ना हा?" हळूच म्हणाले, "ताई, बॉर्डर उघडली, आणि ब्रायन आला तर? मी त्याला रस्त्यावरूनच दिसायला नको?"

रडू नकोस, बाळा. नाही तर रड. कोण अडवणार?

तो नकाशा बघ. रोजी, कॅमेरा जरा तिकडे कर. गुलाबी रंग अर्धा उडालाय. तो तुझी वाट बघण्यात गेलाय, ब्रायन. भाऊंना त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी रोजीने विचारलं, "ताई, आता ओढू का पडदा?" मी म्हटलं, नको. पोरगा येऊ दे. खिडकीजवळच्या या बापाच्या खुर्चीत बसू दे. मग त्याचा तोच ओढेल.

चला, उठा सगळे. स्क्रीनवरचेही उठा. दोन मिनिटं गप्प उभं राहू. माझ्याकडे नका बघू. खिडकीकडे तोंड करा.