पाचवा मुखडा

ताई : तीनशे पानं वाचली, चष्म्याचा नंबर वाढला असेल माझा. पण जमलंय सगळं. फक्त शेवटचं प्रकरण काढून टाक.

भाऊ : का?

ताई : चुकलंय म्हणून. माझ्या परीक्षेचा तो व्हायोलिनचा तुकडा, त्याच्यासारखी कादंबरी बांधलीय म्हणालास ना? मग त्यात मुखडा चारदा येतो. सुरुवातीला एकदा, आणि तीन अंतरे, प्रत्येकाच्या मागून एकदा. तू पाचव्यांदा आणलायस.

भाऊ : वाचक कुठे मोजत बसणार आहे?

ताई : मी बसले ना. ‘संगीतातलं काही चुकलं तर कान धर’ असं तूच म्हणालास, म्हणून धरलाय. आणि काय रे, हल्ली तुम्हा कादंबरीवाल्यांना संगीताचं एवढं कसलं खूळ? पूर्वी बरं होतं. एक होता राजा, तो मेला, गोष्ट संपली.

भाऊ : गोष्ट सरळ जाते गं, आठवण जात नाही. लांब जाऊन येते आणि पुन्हा त्याच जागी उभी राहते. मी दोनदा सरळ लिहून बघितलं. दोन्ही वेळा आपल्या धाकटीपाशी, ठकीपाशी येऊन अडलो. मग मुखडा धरला. जिन्यावर बसलेली पाच वर्षांची मुलगी, पुन्हा पुन्हा त्याच शब्दांत. दर वेळी आपल्याला थोडं जास्त कळलेलं असतं, म्हणून तेच शब्द वेगळे लागतात.

ताई : लागतात. चौथ्यांदा ती आली तेव्हा मी बाड मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. म्हणून सांगतेय, तिथेच थांब.

भाऊ : कसा थांबू? मला पाच ऐकू आले होते.

ताई : कधी?

भाऊ : त्या दिवशी.

ताई : नऊ वर्षांचा होतास तू.

भाऊ : हो, आणि मोजणं एवढंच काम होतं मला. आईचा नियम आठवतो ना? ताईची परीक्षा आहे, चार मुखडे होईपर्यंत दाराला हात लावायचा नाही. मी आणि ठकी जिन्यावर बसून बोटांवर मोजायचो. त्या दिवशी तिला धाप लागली होती आणि तिचा दम्याचा पंप तुझ्या खोलीत, कपाटात.

ताई : ती त्याच्याशी खेळायची म्हणून ठेवला होता.

भाऊ : माहीत आहे. चौथा झाला, ठकी उठली. तेवढ्यात आतून पुन्हा मुखडा सुरू. मला वाटलं, मीच घोटाळा केला. फ्रॉक धरून तिला खाली बसवलं. म्हटलं, थांब, अजून एक आहे. बसली बिचारी. तो संपला तेव्हा ती माझ्या मांडीवर कलंडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत गेलीच.

ताई : पुरे.

भाऊ : आईला सांगितलं, पाच झाले. ती म्हणाली, तुला धड चारपर्यंत मोजता येत नाही. शेवटच्या आजारपणातसुद्धा तेच. मलाही ते पटलं. पोरं लहान असताना बसमधून उतरलो की मी त्यांना पुन्हा पुन्हा मोजायचो. दोनच पोरं. बायको हसायची. आता कादंबरीसाठी त्या तुकड्याची स्वरलिपी मिळवली. चारच आहेत. मग पाचवा आला कुठून, ताई?

(ताई बराच वेळ पानं सारखी करत राहते.)

ताई : चौथा फार छान लागला होता. तीन महिने घासत होते, एकदाही तसा लागला नव्हता. बाहेर तुम्ही उठलात ते कळलं मला, पायरी करकरली. वाटलं, आता ही दोघं धाडकन आत येणार आणि हातातलं निसटणार. म्हणून श्वाससुद्धा न घेता परत सुरू केला. तुम्ही थांबाल, हे ठाऊक होतं.

भाऊ : तिला धाप लागलीय, हे?

ताई : ते नव्हतं ठाऊक. आईची शप्पथ.

भाऊ : आणि आई मला बोलायची तेव्हा?

ताई : शेजारी बसून ऐकायचे. पंधराची होते, भ्याले. पुढे तिशीची झाले तरी भ्यालेच. वयाचं निमित्त किती दिवस पुरणार? अजून शिकवताना तुकडा संपला की माझी नजर दाराकडे जाते. वाटतं, बाहेर कुणीतरी निमूट उभं आहे. म्हणून या खोलीचं दार मी कधी लावत नाही. मुलांना वाटतं, मॅडमना उकडतं.

भाऊ : तुझ्याकडे ती दारापर्यंत तरी येते. माझ्याकडे अजून जिन्यावरच बसलेली असते.

ताई : मला शिव्या दे हवं तर.

भाऊ : येत नाहीयेत. नंतर येतील कदाचित. आत्ता एवढंच सांग, शेवटचं प्रकरण काढू?

ताई : नको, राहू दे. त्यात तो मुलगा म्हणतो ना, ‘मला मोजता आलं नाही’, तेवढं वाक्य काढ. ते खोटं आहे.