मिरची लागली, म्हणत राहिलो

आमचं मूळ गाव भिवापूरच्या पलीकडं, पण काय सांगू तुम्हाले, गावापेक्षा मले सातराच जास्त आठवते. सातरा म्हणजे मिरची वाळवायचं मैदान, जिकडं पाहाल तिकडं लाल, अन् त्यात ओळीनं बसून बाया देठं तोडायच्या. मी तिथं मुकादम. माझी बायको सुलोचना त्याच ओळीत. मुकादमाची बायको, हिले काय काम, असं कोणी म्हणू नये म्हणून मी तिलेच जास्त काम लावायचो, भरली टोपली उचल, तिकडं पसर, परत ये.

ती मधातच उभी राहायची, छातीवर हात ठेवून. म्हणायची, अहो, काळीज लय पळून राहिलं, थांबतच नाही. आता सातऱ्यावर कोणाचं काळीज पळत नाही जी? मिरची लागली, असं आम्ही म्हणायचो. गुळाचा खडा तोंडात, वरून पाणी, अन् चल, ऊठ. बाकीच्या बायांचं तेवढ्यात भागायचं, हिचं भागत नव्हतं. हिवाळ्यात हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे, काविळीचा पाला देऊन झाला. बाया हसायच्या, राणीसाहेबाले ऊन लागलं वं, छत्री धरा. मी बी हसायचो. घरात माझी आई म्हणे, कामचुकार आहे. मी नाही म्हटलं नाही. तेच नाव तिले चिकटलं.

मग नागपूरले आलो, पोरगा दिनेश नोकरीले लागला, अन् एकदा सुलोचनाले मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, सिकलसेल आहे, जन्मापासूनचं, अंगात रक्त कमी म्हणून काळीज धावते. पोराचं लग्न करायच्या आधी त्याचं अन् पोरीचं, दोघांचं रक्त तपासा, दोघांच्याही रक्तात असलं तं लेकरात उतरते. मी हो हो म्हटलं. घरी येऊन सांगितलं, थोडी रक्ताची कमी आहे. दिनेशले पोरगी पाहणं सुरू होतं ना, सिकलसेल म्हटलं असतं तं कोणी दारात उभं केलं नसतं. लग्न झालं. सुलोचना फार दिवस राहिली नाही.

आता नात प्राची, बारावीले आहे. जिना चढताना थांबते, म्हणते, आबा, छातीत इंजिन सुरू आहे. अन् दिनेश काय म्हणते, आजीवर गेली, कामचुकार. जेवता जेवता म्हटलं त्यानं. मी ताट बाजूले सारलं. मग सांगितलं सगळं, डॉक्टरीणबाईचं बी. सून ताटावरून उठली. दिनेश म्हणाला, आम्हाले तपासता आलं असतं, बाबा. मग म्हणाला, माय कामचुकार नव्हती, तं इतके दिवस मले काहून म्हणू देलं?

प्राचीचं रक्त तपासलं, तेच निघालं. औषध सुरू आहे. दिनेश माझ्याशी कामापुरतं बोलते. बरोबरच आहे त्याचं. जिची माफी मागावी ती तं नाही.

आम्ही दुसऱ्या माळ्यावर राहतो. दवाखान्यातून येताना जिन्याच्या वळणावर प्राची थांबली की आधी मीच पायरीवर बसतो. बस वं माय, म्हणतो, घाई कोणाले आहे. ती विचारते, आबा, थकले का? मी हो म्हणतो. थकलेलो नसतो. सातऱ्यावर असं खाली बसायले माझं काय गेलं असतं.