नांग्या भरणे

बाबा : हा शब्द कोणं बदलला?

मी : मी बदलला.

बाबा : काऊन?

मी : बागेचा आराखडा नगरपरिषदेत जाणार, तिथून जिल्ह्याला. ‘मृत रोपांची पुनर्लागवड’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

बाबा : मले नाही कळलं.

मी : बाबा, उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलंत तुम्ही.

बाबा : म्हणूनच सांगतो. पुनर्लागवड म्हंजे सारं मोडून नव्यानं लावणं. कपाशीत चार ठिकाणी बी उगवलं नाही, तर आपण अख्खं वावर पेरतो का पुन्हा?

मी : नाही.

बाबा : जिथं खाली राह्यलं तिथंच टोबतो. तेच बी. त्याले नांग्या भरणे म्हणतात. लिही.

मी : पुण्याला माझ्या ऑफिसात हसतील. तिथे आम्ही बागांचे आराखडे इंग्रजीत करतो.

बाबा : हसू दे. बाग आपल्या माळावर होऊन राह्यली, त्याईच्या गच्चीवर नाही.

मी : बरं. ‘दरवर्षी नांग्या भरणे.’ किती वर्षं?

बाबा : आराखडा किती वर्षाचा हाय?

मी : तीस.

बाबा : मग तीस. झाडं काय पाचव्या वर्षी मराचं बंद करतात? अन् खाली लिही, अंजनाले एक पावसाळा पाह्यल्याबिगर मेलं म्हणू नये.

मी : असं लिहीत नाहीत हो आराखड्यात.

बाबा : मग कशात लिहितात? ही समोरची रोपाईची ओळ पाह्य. मागच्या पावसाळ्यात शाळेच्या पोराईकडून लावून घेतली. काय दिसते तुले?

मी : वाळक्या काड्या.

बाबा : दिसतेच तशी. अंजन आधी खाली जाते. वरची काडी वाळते, मूळ पार मुरमात गेलेलं असते. अन् आपला माणूस येते, वाळली म्हणते, उपटून फेकते. ... अन् तो गुलमोहर काढ.

मी : तो सुधाकरकाकांचा आग्रह आहे. शाळेच्या मुलांना लाल फुलं दिसली पाहिजेत, म्हणाले.

बाबा : पळस काय हिरवा फुलते का? सांग त्याले, नगराध्यक्ष झाला म्हणून झाडाचं कळाले लागलं असं नाही.

मी : तुम्हीच सांगा ना. मित्र तुमचे.

बाबा : मी सांगतलं का भांडण होते. तू सांगतलं का सल्ला होते.

मी : आणि पहिली दहा वर्षं लोकांनी इथे येऊन बघायचं काय?

बाबा : काड्या.

मी : बाबा!

बाबा : आता खोटं बोलू का? काड्या अन् बांध. मग हळूहळू पळस, मग धावडा, टेंभुर्णी. बिबा, सालई, ते सारं मागून. लोणारच्या उतारावरून बी आणाचं हाय अजून.

मी : तीस वर्षांनी मी सत्तरीला आलेली असेन.

बाबा : मग तर तुले सावली लागंलच. चाल, ऊन उतरलं. मेहकरहून तुही पुण्याची गाडी हाय, अन् तुह्या मायनं भाकरी बांधून ठेवली असंल. पुडक्यात ठेचा हाय का नाही ते पाहून घेजो, मागच्या वेळी विसरली होती.

मी : तुम्ही भरभर चालू नका.

बाबा : मी हळूच चालतो. तूच मागं राहतेस.

(दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सव्वा महिन्यानं, नगरपरिषदेत, नगराध्यक्ष सुधाकरकाकांच्या खोलीत ते आणि मी.)

काका : बस मनाली बेटा. चहा सांगू? अर्धा अर्धा घेऊ, मले साखर हाय, पण तुह्या निमित्तानं होऊन जाईल.

मी : नको, काका. छापलेला आराखडा पाहिला. ‘नांग्या भरणे’ कुठे आहे?

काका : अरे बाप रे, ते! आपला नवा इंजिनिअर शहरातला हाय. त्याले वाटलं, नांग्या म्हंजे विंचवाच्या. त्यानं ते विंचू बंदोबस्तात टाकलं. वरून शेरा आला का, बागेत विंचवाचा खर्च कायले? उडलं.

मी : तुम्हाला तर अर्थ माहीत होता.

काका : माहीत होता ना. वाचलं अन् एकटाच हसलो. शंकऱ्या असता तर दोघं हसलो असतो. मंग म्हनलं, राहू दे. त्या जागी दुसरं बसते.

मी : दुसरं काय?

काका : तुह्या बापाचा पुतळा.

मी : काका...

काका : आधी ऐकून घे. पुढच्या साली त्याच्या स्मृतिदिनाले उद्घाटन. ट्रकनं मोठमोठे पाम आणतो, हिरवळ अंथरतो, कारंजं लावतो. फाटकावर नाव, ‘शंकरराव वनस्पती उद्यान’. लोक म्हणतील, दोस्तानं दोस्तासाठी काही केलं.

मी : उन्हाळ्यात गावाला टँकर येतो. हिरवळीला पाणी कुठलं?

काका : ते पाहू ना व. लोकाईले काही दिसाले पाह्यजे. तुहा बाप म्हणे काड्या दाखवू! काड्यावर मतं पडत नाहीत.

मी : पुतळ्याला आम्ही घरचे संमती देणार नाही.

काका : भाबीले विचारलं?

मी : विचारलं. आई म्हणाली, घरात फोटो आहे तेवढा पुरे. डोक्यावर कबुतरं बसवायला त्यांना माळावर उभं करू नका.

काका : (हसत) भाबी ते भाबीच. पण बेटा, काम सुरू झालं. चौथऱ्यासाठी आज तो वाळका पट्टा साफ करून राह्यलो. जेसीबी गेला असंल.

मी : कोणता पट्टा?

काका : तोच, पोराईनं लावलेला. मेलं ते सारं.

मी : मेलं नाही. तो अंजन आहे. मुळं मुरमात गेलीयेत. एक पावसाळा थांबा, फुटेल. फोन करा काका, आत्ता. मी इथून उठणार नाही.

काका : ऐकतेस का माझं...

मी : नाही ऐकत. फोन करा.

काका : हॅलो, पुंजाजी? कुठी हायेस? ... थांबव. अबे थांबव म्हणतो ना! ... किती गेलं? ... बरं. बाकीच्याले हात लावू नको. जेसीबी घेऊन ये वापस. ... मी सांगतो म्हणून! ... दोन रोपं गेली म्हणते.

मी : दोन नांग्या झाल्या. भरू. बाबांनी ठेवलेलं बी घरी आहे.

काका : भरू तर म्हणतेस. तीस वर्ष पाहणार कोण? मी? पुढच्या निवडणुकीत पडलो तर या खोलीत चहाही कोणी विचारणार नाही.

मी : म्हणूनच आराखड्यात ते कलम पाहिजे. तुम्ही पडाल, इंजिनिअर बदलेल, मीही पुण्याला असेन. कलम असलं की दरवर्षी कोणाला तरी माळावर जाऊन ओळीनं फिरावं लागेल, कुठे खाली राहिलं ते बघायला. पुतळा एकदा बसला की बघतं कोण?

काका : बापाच्या वर हायेस तू. त्याच्याशी भांडलं का निदान दुपारपर्यंत समेट होये.

मी : आता दुपारच झालीय. घ्या लिहून.

काका : सांग.

मी : ‘पुतळा, कारंजे व हिरवळ रद्द. स्थानिक वृक्षांची बाग मूळ आराखड्याप्रमाणे. तीस वर्षे दरवर्षी नांग्या भरणे.’ पुढे कंसात लिहा, कपाशीत भरतात तशा. इंजिनिअर पुन्हा विंचू शोधत बसायला नको. ‘अंजनाला एक पावसाळा पाहिल्याशिवाय मृत समजू नये.’

काका : हे वाक्य त्याचंच हाय.

मी : हो.

काका : घे, केली सही. येत्या सभेत ठेवतो अन् मंजूर करून घेतो, माझी जबाबदारी. ... पण एक सांगू? पुतळा मी लोकाईसाठी नव्हतो करत. सकाळी फिराले जातो मी त्या रस्त्यानं. तो तिथं उभा राहे, लांबूनच शिवी दे. आता नुसता माळ. मले वाटलं, काही तरी उभं असलं तर बरं.

मी : समजतं मला.

काका : तुले काय समजते? कार्यक्रमालेही तुह्या डोळ्यात पाणी पाह्यलं नाही मी. पंगत वाढत होतीस.

मी : कोणीतरी वाढायला पाहिजे होतं.

काका : आता कोण बसलं हाय जेवाले? दार लावू का?

मी : राहू द्या.

काका : मनाली. अव बोल ना पोरी. पुतळा नको, नाव नको, कारंजं नको. तुले काय पाह्यजे?

मी : मले माहे बाबा पाह्यजे, काका.