काचेतली झोप

...आणि वर लोक मलाच विचारतात, "गादीच्या दुकानात काम करता ना? मग झोप कशी येत नाही हो तुम्हाला?" तुम्हाला सांगतो, झोप काय बोलावून येते का? घरी पाठ टेकली की डोळे टक्क उघडे! ही कूस, ती कूस, कोमट दूध, थंड पाणी, उलटे आकडे... आणि शेजारी बायको ढाराढूर! आई म्हणते, "अंग मोडून काम कर, मग लागेल." सासरे म्हणतात, "जावईबापू, विचार करू नका." झालं! आता विचार कसा करायचा नाही, याचाच विचार! एकदा तर जागरणानं डोकं बधिर होऊन गिऱ्हाइकाच्या उशीबरोबर माझा जेवणाचा डबा बांधून दिला.

डॉक्टर म्हणाले, "हा निद्रानाश. झोपेच्या मागे लागू नका." अहो, मी कसला मागे लागतोय, तीच पुढे पळतेय! झोप काय बोलावून येते का?

आणि एक दिवस आली हो! भरदुपारी, दुकानात! गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून गादीवर आडवा झालो, "बघा, कंबरेला कसा आधार..." एवढं म्हटलं नि गेलो! मग रोज दुपारी तेच. काय ती झोप! शेवटी एकदा डोळे उघडतो तर मालक उशाशी उभे. म्हटलं, गेली नोकरी. तर हे हसतायत! "अरे, तू घोरलास आणि तीच गादी खपली! उद्यापासून दर्शनी काचेत झोपायचं. पगार वाढवतो!"

झोपायचा पगार! रडलोच मी आनंदानं. दुसऱ्या दिवशी नवी चादर, तोंडावर झगझगीत दिवा, काचेला नाकं चिकटवून लोक, आणि कानाशी मालक... "झोप! झोप की लवकर! गिऱ्हाईक आलंय!" आता तुम्हीच सांगा, झोप काय बोलावून येते का? गेली ती गेलीच. अख्ख्या जगात एक जागा होती मला झोप लागणारी, तीही हातची गेली!

आता दिवसभर डोळे मिटून खोटं खोटं घोरतो. गाद्या धडाधड खपतायत. घरी गेलो की बायको फणकारते, "दिवसा झोपा काढायच्या, मग रात्री कशी येईल?" काल मालकांचे पाय धरले, "साहेब, मला पुन्हा गाद्या उचलायला लावा." तर म्हणे, "वेडा की काय! तुझ्याइतकं गाढ कोण झोपतंय?"

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात... अहो, पण त्याला झोपवायचं कसं, ते सांगा ना कुणीतरी!