टकटक

नवऱ्याच्या मोटारसायकलची क्लच वायर न्यायला पिंकी ब्रह्मपुरीच्या पार्टच्या दुकानात आली होती. वायर केव्हाच हाती पडली. पण शेजारी इस्तारी जीपवाला आणि त्याची बायको कौसल यांची अशी जुंपली होती, की तिचा पाय निघेना.

दुकानदार सांगत होता, “कॅमशाफ्ट पार घासली, इस्तारीभाऊ. चार लाख किलोमीटर चालली गाडी. कॅम नवी घ्या, अन् तिच्यावर घासणारे टॅपेट बी सारे नवे घ्या.”

“द्या सारे नवे.”

“थांबा शेठ,” कौसल मधेच बोलली. “नवं टाकलं त इंजिनची टकटक जाईन का?”

“एकदम जाईन, बाई. गाडी कवा आली, समजणार नाई.”

“मंग दोन टॅपेट जुनेच राहू द्या.”

“जुनं टॅपेट नवी कॅम खाऊन टाकते, बाई.”

“कौसल, तुले काऊन पायजे थे टकटक?”

“नाल्यावर टकटक आली का मी भात चढवतो.”

“फोन करीन ना.”

“जंगलात फोन लागते का? परवा टकटक नाल्यावरून मोहाच्या दारूभट्टीकडं वळली. मी भात उतरवून ठेवला. अन् घरी येऊन हे म्हणतात, सवारी सोडाले गेलतो.”

“बाई, मोठा हॉर्न लावून देतो. घराकडं निघाले का वाजवतीन.”

“हॉर्न यांच्या हातात असते, शेठ. टकटक यांच्या हातात नाई.”

वायर पिशवीत टाकताना पिंकीला आठवलं, ही मोटारसायकल विकून बॅटरीवरची घेऊ म्हणून नवरा महिनाभर मागं लागला होता. तिचा म्हणे आवाजच होत नाही.