पानाच्या डोक्यावरचं नाव

हेडर-फुटरचा, म्हणजे पानाच्या वरच्या-खालच्या ओळीचा, विषय निघाला का मले कमलाबाई आठवते.

कापसाचे ते वाईट वर्षं होते. यवतमाळात माहं डीटीपीचं दुकान होतं. एका प्राध्यापक सरांनी कापूस वेचणाऱ्या बारा बायांचे अनुभव त्याइच्याच शब्दात टेपवर घेतले अन् पुस्तक करायले मले देल्लं. म्हणे, "प्रत्येक पानावर, वरती, माझं नाव पाहिजे." ते सोपं असते. मास्टर पेजवर एकदा टाकलं का सगळ्या पानाइवर आपोआप येते.

मग त्यातली फुलसावंगीची कमलाबाई आपला मजकूर तपासाले आली. बोट ठेवून एकेक अक्षर वाचे.

"पोरी, हे वर कोनाचं नाव हाये?"

"सरांचं."

"काहून? कापूस म्या येचला, बोलली म्या. ते कवा आलते आमच्या वावरात?"

ती गेल्यावर मी बारा बायांचे बारा मास्टर पेज केले. वर बाईचं नाव, खाली तिचं गाव अन् पान नंबर. कोणाले विचारलं नाही, हो!

सर प्रूफ पाहून भडकले. "माझं नाव कुठे गेलं?"

"कव्हरवर हाये ना सर. मोठ्या अक्षरात."

सरांनी पुन्हा पानं चाळले. वरचं एकेक बाईचं नाव वाचलं. मग म्हणाले, "असंच छापा."

पुस्तक हाती आलं तसं कमलाबाईनं आपले नऊही पानं उलटून पाह्यले. म्हणे, "सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव, घरावर सासऱ्याचं. माहं नाव कागदावर चढलं ते इथंच. अन् तेही नऊ पानाइवर!"