गोठ्यातली पंगत

मी गोठ्यात राहायला जाणार म्हणून आख्खं गाव हसलं, पण मी हटलो न्हाई बरं का. सोनपेठच्या वाटेवर आमचा आखाडा हाय, म्हंजी शेतातली गुरं-अवजारं ठेवायची जागा. तिथला जुना दगडी गोठा पाडायचा न्हाई, त्याचंच घर करायचं, हे माझं ठरलंच होतं.

शब्बीर मिस्त्री म्हणाला, "मालक, भिंती झकास हायत. पण फरशी फोडावी लागंल. जनावरांचं मूत वाहून जावं म्हणून तिला ढाळ दिलेला हाय."

"माझ्या बापानं हातानं बसवलेली फरशी हाय. एक दगड हलणार न्हाई."

"लय जिद्द करायलात, मालक."

"करायलोय."

वास्तुशांतीला समोरासमोर दोन पंगती बसल्या. भातावर पातळ वरण वाढलं, आन् ते निघालं की उताराला! वरच्या पंगतीचं पुढं पळालं, खालच्या पंगतीचं थेट मांडीवर आलं. खालच्या पंगतीत पहिलेच आमचे सासरे, नवं कोरं धोतर नेसून.

बायको कानाशी येऊन म्हणाली, "आता तरी फोडा ती फरशी."

"न्हाई."

तेवढ्यात शब्बीरनं पत्रावळीवरचा भात सारून वरणाला बांध घातला. ते बघून दोन्ही पंगतींनी बांध घातले. सगळे शेतकरीच, कुणाला शिकवावं लागलं न्हाई. सासरे तेवढे धोतर झटकत म्हणाले, "जावईबापू, आमच्याकडं आधी बांध घालतात, मग पाणी सोडतात."

फरशी अजून तशीच हाय. बायको मात्र तवापासून वरण घट्ट करायलीय.